राजपत्रातला एक शब्द

सरकारी मुद्रणालयात तिला सगळे मात्राबाई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच नक्की सांगता यायचं नाही, पण का पडलं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. कुठे एखादी मात्रा उडाली, ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली, की बाईंची तांबडी पेन्सिल तिथं अडलीच म्हणून समजा. छपाईयंत्र थांबलेलं चालेल, व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावलेला चालेल, पण चुकीचं अक्षर खोलीबाहेर जायचं नाही.

ही खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली यंत्रं सुरू झाली की फरशी पायाला झिणझिण्या आणायची. एकमेकांना भिडवलेली दोन टेबलं, एका बाजूला मात्राबाई आणि समोर तिचा जोडीदार. त्याचा आवाज पितळी घंगाळावर पळी आपटावी तसा, म्हणून तो खणखण्या. खणखण्याने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा म्हणून दाखवायचे, आणि मात्राबाईने छापून आलेल्या प्रूफावर नजर ठेवायची. सव्वीस वर्षं दोघं असेच समोरासमोर बसत. खणखण्याची बायको म्हणे, "तुम्ही माझ्याशी जन्मात जेवढं बोलला नाहीत, तेवढं त्या बाईला वाचून दाखवलंत."

मुद्रणालयात काय काय यायचं! जकातीचे दर, बदल्यांचे आदेश, हरवलेल्या शिक्क्यांच्या सूचना. पण राज्यघटनेची नवी आवृत्ती निघायची असली की मात्राबाई टेबल पुसून घ्यायची. तिने राज्यघटना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नऊ वेळा वाचली होती, तीही अक्षर अक्षर मोजत. वकील चाळतात तसं नव्हे.

तिला त्यातला अर्थ समजावला होता तिच्या धाकट्या भावाने. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि भाऊ आठ वर्षांचा. ती मुद्रणालयात लागली आणि त्याला वाढवलं. पुढे तो कायदा शिकायला लागला. संध्याकाळी ती कणीक मळत असायची आणि तो पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात येरझारा घालत तिला धडा म्हणून दाखवायचा.

"ताई, साधा कायदा करायचा असेल तर सभागृहात हजर असतील त्यांतल्या निम्म्याहून एक मत जास्त पडलं तरी झालं. पण घटनेला हात लावायचा असेल तर? एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश. तेही एकदा नाही, दोनदा. मध्ये तीन महिने जाऊ द्यायचे. आणि मग प्रांतांच्या निम्म्या विधानसभांनी हो म्हणायला हवं."

"एवढा घोळ कशाला घालून ठेवलाय रे?"

"मुद्दाम! कुणी डोक्यात राख घातली म्हणून घटना बदलता येऊ नये. आणि घटना असते कशासाठी? खुर्चीवर बसणाऱ्याचे हात बांधायला. म्हणून तर सरकार वेगळं, सभागृह वेगळं, न्यायालय वेगळं. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने मान धरावी."

"आणि तिघांचाही घसरला तर?"

तो हसायचा. "मग तू आहेस की. तांबडी पेन्सिल घेऊन."

हा भाऊ शिकला, सरकारी कायदा विभागात लागला, चढत चढत मसुदा सचिव झाला. सभागृहाने मंजूर केलेला प्रत्येक कायदा छापायला जाण्याआधी त्याच्या हाताखालून जायचा. बहिणीच्या टेबलावर जे कागद येत त्यांच्या कोपऱ्यात भावाची छोटी, डावीकडे कललेली सही असायची. ती दिसली की मात्राबाईचा ऊर भरून यायचा. तोंडाने ती एवढंच म्हणायची, "अक्षर काही सुधारलं नाही मेल्याचं."

अकरावी घटनादुरुस्ती आली ती लोकांना आवडणारी होती. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची होती, ती चार करायची. सत्तेतल्यांनी मत दिलं, विरोधकांनीही दिलं. दोनदा मतदान झालं, मधले तीन महिने गेले, प्रांतांनी मान डोलावली. मुदतीचा आकडा बदलायचा म्हणून ते अख्खं कलम नव्याने लिहिलं होतं. त्याच कलमात पुढचं जुनं वाक्य जसंच्या तसं होतं: कोणतीही व्यक्ती हे पद दोनपेक्षा अधिक मुदती धारण करणार नाही.

सगळे सोपस्कार उरकल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या सहीची प्रत कायदा विभागातून मुद्रणालयात आली. राजपत्रात छापून आलं की दुरुस्ती लागू. सकाळी साडेदहाला खणखण्याने प्रत उघडली आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर तो म्हणाला, "कोणतीही व्यक्ती हे पद दोनपेक्षा अधिक सलग मुदती धारण..."

"थांबा," मात्राबाई म्हणाली. "काय म्हणालात?"

"सलग."

तिने प्रूफात पाहिलं. तिथंही होता. जुळाऱ्याने समोर होतं तेच जुळवलं होतं. पण सभागृहात मतदानाला ठेवलेला मसुदा सहा महिन्यांपूर्वी याच टेबलावर वाचला गेला होता आणि त्यात हा शब्द नव्हता, हे तिला आपल्या घराच्या पायऱ्यांसारखं पाठ होतं. तिने कपाटातून तो मसुदा काढला. नव्हताच. मग सहीच्या प्रतीची पानं उजेडाला धरली. पहिलं आणि तिसरं पान एका रंगाचं, दुसरं किंचित जास्त पांढरं.

"एवढासा तर शब्द आहे," खणखण्या म्हणाला.

"एवढासा? दोनदा राहिलेला माणूस मधे एक मुदत घरी बसला की परत उभा राहू शकतो, याने. आणि परत दोनदा. मग परत."

खणखण्याने चष्मा काढला. "आपलं काम मूळ प्रतीबरहुकूम बघायचं. मुळात आहे ना?"

नियम तसाच होता. पण शंका आली तर समासात लिहून विचारायचं, हाही नियमच होता. तिने शब्दाभोवती तांबडं वर्तुळ काढलं, बाजूला लिहिलं, "सभागृहाने मंजूर केलेल्या मसुद्यात नाही. खात्री करावी," आणि भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मीच येतो."

मसुदा सचिव स्वतः मुद्रणालयात आलेले कुणी पाहिले नव्हते. व्यवस्थापकांची तारांबळ उडाली. भाऊ मात्र सरळ जिना चढून वर आला, स्टूल ओढून बहिणीशेजारी बसला, तिच्याच कपातला चहा प्यायला.

"ताई, दुसऱ्या मतदानाच्या दिवशी तोंडी उपसूचना आली होती. मंजूर झाली. तुमच्याकडचा मसुदा त्याच्या आधीचा."

"तोंडी? घटनादुरुस्तीत?"

"तू मला कायदा शिकवणार आता?" तो हसला. "पहिल्या मतदानापासून तीच वाक्यरचना हवी वगैरे सगळं मला माहीत आहे गं. अर्थ बदलत नाही असा अभिप्राय घेतलाय. फाइलला आहे."

अर्थ बदलत होता. तिला दिसत होता. पण समोर बसला होता तो, ज्याने तिला हा अर्थ शिकवला. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं तिला वाटलं. तिने प्रूफ पुढे सरकवलं. "मग लिहून दे." त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शंकेखाली लिहिलं, "बरोबर आहे. जसेच्या तसे छापावे," आणि डावीकडे कललेली सही केली. तिने कोपऱ्यात शिक्का मारला: छपाईस योग्य.

अकरा महिने काही झालं नाही. मग माजी राष्ट्राध्यक्षांनी आपण पुन्हा उभे राहतोय असं जाहीर केलं. हे गृहस्थ दोन मुदती राहून गेले होते, तिसऱ्यांदा येता येणार नाही म्हणून लोकांनी त्यांना निरोपाचे हार घातले होते. मात्राबाईच्या भावाला मसुदा सचिव त्यांनीच केलं होतं. पत्रकारांनी कलम विचारलं तेव्हा त्यांनी राजपत्र उघडून दाखवलं. सलग नाही, म्हणजे चालतं.

सभागृहात एकच हलकल्लोळ माजला. आम्ही हा शब्द कधी पाहिला नाही, ऐकला नाही, त्याला मत दिलं नाही, असं दोन्हीकडचे सदस्य ओरडले. इतिवृत्त काढलं. तोंडी उपसूचना? कसली उपसूचना? त्या दिवशी तर सभापतींनी मतं मोजून लगेच सभागृह उठवलं होतं. न्यायालयात दावा पडला आणि सभागृहाने तीन जणांची चौकशी समिती नेमली.

मात्राबाईने वर्तमानपत्रातली ती बातमी दोनदा वाचली. तो आपल्याशी खोटं बोलला? का त्यालाही कुणी फसवलं? तिने दुसऱ्याच विचाराला घट्ट धरलं. दुपारी ती अभिलेख कोठडीत गेली, त्या राजपत्राचं बाड सोडलं आणि ते प्रूफ काढून आपल्या पिशवीत ठेवलं. समितीपुढे ठेवायला.

रविवारी सकाळी भाऊ घरी आला. दाढी वाढलेली. सोफ्यावर न बसता जमिनीवर, भिंतीला टेकून बसला, लहानपणी ताप आला की बसायचा तसा.

"ताई, पाणी गळ्यापर्यंत आलंय. पान बदललं गेलं. मला वरून सांगण्यात आलं आणि मी नाही म्हणू शकलो नाही."

ती म्हणाली, "तू तर म्हणायचास, सांगणारा कितीही मोठा असो, घटनेपुढे..."

"माहीत आहे काय म्हणायचो! मी चुकलो. मंगळवारी समितीपुढे मी स्वतः कबूल करणार आहे. फक्त ते पान माझ्या हातून जाऊ दे. तू दिलंस तर बहिणीने भावाला पकडून दिलं असं होईल. मी दिलं तर निदान कबुली तरी राहील. तुझी शपथ, ताई."

तो रडत होता. खरं रडत होता, हे ती पुढेही कधी नाकारत नसे. तिने पिशवीतून प्रूफ काढलं, घडी न पडेल असं पुठ्ठ्यात घातलं आणि त्याच्या हातात दिलं. जाताना तिने त्याला जेवून जा म्हटलं. तो जेवला. दोनदा आमटी घेतली.

त्या पानाची नक्कल तिने काढली नव्हती. पोचही घेतली नव्हती. सख्ख्या भावाकडून पोच कोण मागतं?

समितीची बैठक सभागृहाच्या जुन्या ग्रंथालयात होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं मऊ. मात्राबाईची पाळी गुरुवारी आली. भावाची साक्ष मंगळवारीच होऊन गेली होती. ती निश्चिंत मनाने गेली. आपण फक्त त्याच्या कबुलीला दुजोरा द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात.

"मसुदा सचिवांनी सांगितलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या, "की एका जुन्या, रद्द केलेल्या टिपणात हा शब्द होता. ते टिपण छपाईच्या कागदांत मिसळलं असावं आणि तुमच्या नजरेतून सुटलं असावं. तुमच्या डोळ्यांवर मागच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती ना?"

मात्राबाईला प्रश्न कळलाच नाही. तिने तो पुन्हा विचारायला सांगितला.

"त्यांनी पान दिलं नाही तुम्हाला? माझ्या शंकेचं? त्यावर त्यांची सही आहे."

"असं पान कुठेही नाही. मुद्रणालयातल्या बाडातही नाही."

"बाडातून मीच काढलं."

"तुम्ही काढलं? कुणाच्या परवानगीने?"

अध्यक्षबाईंनी सहीची मूळ प्रत तिच्यापुढे सरकवली. तीन पानं. दुसऱ्या पानावर 'सलग' नव्हता. तिन्ही पानं एका रंगाची होती.

मग खणखण्याला बोलावलं. बिचाऱ्याने काही लपवलं नाही. खणखणीत आवाजात म्हणाला, "मी वाचला तो शब्द. कागदावर होता म्हणून वाचला." त्यांनी कागद दाखवला. त्याने चष्मा पुसून पाहिलं, परत पुसून पाहिलं. "होता," तो म्हणाला, पण या वेळी आवाज नेहमीचा नव्हता. लिहून घेणाऱ्या कारकुनाने त्याचं वय विचारलं.

त्याच दिवशी दुपारी ती कायदा विभागात गेली. शिपायाने अडवलं नाही, साहेबांच्या ताई म्हणून तो तिला ओळखत होता. भाऊ खिडकीशी उभा होता. तिला पाहून त्याने दार लावून घेतलं.

"पान कुठे आहे?"

"ताई, बस."

"पान कुठे आहे, विचारतेय."

"नाहीये." तो खुर्चीत बसला. "नीट ऐक. न्यायालय तो शब्द काढणार, शंभर टक्के. दोन तृतीयांश मतांनी जो मंजूरच झाला नाही तो घटनेत राहूच शकत नाही. म्हणजे घटनेला काही झालं नाही. कुणाचं काय बिघडलं? चूक कुठेतरी दाखवावी लागते, तेवढंच. तुझी दीड वर्षं राहिलीत, माझी तेरा. तुला निवृत्त करतील. मला तुरुंगात घातलं असतं. मुलगी कायद्याला आहे माझी, तिचा तरी विचार कर."

"मग रविवारी तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

कदाचित दिलंही असतं. पदर खोचून त्याच्यासाठी तिने आयुष्यभर काय काय केलं होतं, त्यात हेही केलं असतं. तिला विचारलं नाही, एवढंच तिला टोचत राहिलं. तिला विचारण्याऐवजी त्याने तिला फसवणं सोपं धरलं.

"तुला वाटतं घटनेला काही झालं नाही," ती दाराशी जाऊन म्हणाली. "घटनेतला बदल उघड्यावर, मोजून, दोनदा व्हायला हवा, हे तूच मला शिकवलंस. तू तो कागदाच्या गठ्ठ्यात हात घालून केलास. आणि आता निस्तरलासही तसाच."

"ताई..."

"ताई म्हणू नकोस."

न्यायालयाचा निकाल त्याने सांगितला तसाच लागला. शब्द गेला, माजी राष्ट्राध्यक्षांचा अर्ज बाद झाला. लोकांनी चौकात पेढे नाही वाटले, पण सुटकेचा श्वास सोडला. निकालपत्रात सत्तावीस पानं होती. घटनेला कुणी हात लावावा, कसा लावावा, किती जणांनी मिळून लावावा, यावर फार सुंदर लिहिलं होतं. शब्द आत आला कसा, याला एक वाक्य मिळालं: समितीच्या अहवालानुसार, मुद्रितशोधनातील अनवधानामुळे.

मात्राबाईला मुदतीआधी निवृत्तीचं पत्र मिळालं. शेवटच्या आठवड्यात राजपत्रासाठी शुद्धिपत्र वाचायला आलं. व्यवस्थापकांना वाटलं होतं ते दुसऱ्या कुणाला द्यावं, पण वाचनकक्षात दुसरं होतं कोण? खणखण्याने कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. "मला वाचवत नाही हे."

"वाचा," ती म्हणाली.

त्याने वाचलं. स्वल्पविराम म्हटले, पूर्णविराम म्हटला. प्रूफात 'मुद्रितशोधनातील' या शब्दावर कुणीतरी नको असलेला अनुस्वार दिला होता. तिने तो काढला, शिक्का मारला आणि प्रूफ खाली पाठवलं. खणखण्या नंतर सगळ्यांना सांगे, बाई तेव्हा रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती आपल्या जुन्या दोन खोल्यांतच राहिली. भावाचा फोन आला की ठेवून द्यायची. तो पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी चढला. ओळखीचे लोक रस्त्यात भेटले की सांभाळून बोलत, "होतं कधी कधी, वय झालं की." एकदा वाण्याच्या दुकानात कुणीतरी दुसऱ्याला हळूच म्हणालं, "घटनेत चूक घातली ती हीच," आणि तिने घेतलेलं सामान तसंच टाकून घर गाठलं. दोन दिवस दार उघडलं नाही.

भाची मात्र यायची. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. आत्याकडे बसून अभ्यास करायची सवय तिला लहानपणापासूनची, आणि बापलेकीत काही बोलणं झालं असावं असं वाटत नव्हतं. एका दुपारी ती पुस्तकात बोट घालून नुसतीच बसली होती.

"काय गं?"

"आज वर्गात तो खटला शिकवला, आत्या. सर म्हणाले, घटनादुरुस्तीची प्रक्रिया पाळली नाही तर एक शब्दही टिकत नाही, याचं हे उदाहरण. मग म्हणाले, मुद्रितशोधकाच्या चुकीमुळे. सगळे हसले." ती थांबली. "तुझ्या हातून खरंच सुटला?"

"नाही."

"मग?"

मात्राबाईने तिला सगळं सांगितलं. जास्त पांढरं पान, समासातली शंका, सही, रविवार, आमटी. आवाज न चढवता, एकही गोष्ट न गाळता. भाचीचं तोंड उतरत गेलं. सांगून झाल्यावर ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नख ओढत राहिली.

"बाबा म्हणाले होते तू असं म्हणशील," ती शेवटी म्हणाली. "शस्त्रक्रियेनंतर तुला काही काही गोष्टी झाल्यासारख्या वाटतात, म्हणाले. तुझ्याशी वाद घालू नको, असं सांगितलं होतं त्यांनी."

"तुला काय वाटतं?"

मुलीने पुस्तकं पिशवीत भरली. पिशवीचा बंद तिला नीट लागेना. "मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली आणि वाकून चपला घालू लागली. मात्राबाई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली, कठड्याला धरून उभी राहिली. खाली रस्त्यावर मुलगी क्षणभर थांबली, वर पाहील असं वाटलं, मग कोपऱ्यावरून वळून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.